टपालाने आलेली तालीम

घरी करायचा व्यायाम आणि त्याच्या जोडीने पाळायचा आहार असा पूर्ण कार्यक्रम खोक्यात भरून टपालाने विकण्याचा व्यवसाय शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. खोक्यातला ऐवज काळानुसार बदलत गेला. आधी छापील पाठ आणि स्प्रिंगची डंबेल्स होती, मग व्हिडिओ कॅसेट आल्या, मग डीव्हीडी, आणि आता मोबाइलवरचे मासिक सदस्यत्व आहे. व्यवहार मात्र तोच राहिला: इतके दिवस हे वेळापत्रक पाळा, हे खा, ते टाळा आणि शेवटच्या दिवशी आरशात वेगळे शरीर पाहा. हा व्यवहार बारकाईने तपासला तर असे दिसते की त्यातला व्यायाम बहुतेक वेळा चांगला असतो आणि नेटाने केला तर ठरल्या मुदतीत फळही देतो. खरी उणीव मुदत संपल्यानंतरच्या दिवसांची असते. त्या दिवसांसाठी खोक्यात काही नसते आणि विकणाऱ्याकडे असते ते पुढचे खोके.

या प्रकाराचे सर्वांत गाजलेले अलीकडचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘पी नाइन्टी एक्स’. कार्ल डायकेलर आणि जॉन काँग्डन यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बीचबॉडी ही कंपनी काढली. तिच्यासाठी टोनी हॉर्टन या प्रशिक्षकाने आधी ‘पॉवर नाइन्टी’ हा सोपा कार्यक्रम केला आणि २००५ च्या सुमारास त्याची ही कठीण आवृत्ती बाजारात आली. तिची विक्री मुख्यतः दूरचित्रवाणीवरच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिरातींतून झाली. अमेरिकेत अशा लांबलचक जाहिरातींना वाट मिळाली ती १९८४ मध्ये, दूरसंचार आयोगाने जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा उठवल्यावर. तीन हप्त्यांत मिळून सुमारे १२० डॉलर भरले की बारा डीव्हीडी, व्यायामाची माहिती, आहाराची पुस्तिका आणि नव्वद दिवसांचे कॅलेंडर घरी येई. कार्यक्रम तेरा आठवड्यांचा. आठवड्यात सहा दिवस रोज तासभर किंवा त्याहून जास्त व्यायाम आणि सातव्या दिवशी विश्रांती किंवा ताण देण्याचे हलके प्रकार. एका दिवशी छाती आणि पाठ, दुसऱ्या दिवशी उड्यांचे प्रकार, मग खांदे आणि दंड, मग दीड तासाचा योग, मग पाय, मग कराटेसारख्या ठोशा-लाथांचा सराव. तीन आठवडे हा क्रम चालवून चौथा आठवडा हलका ठेवायचा आणि पुढच्या टप्प्यात व्यायामांची जुळणी बदलायची.

पहिल्याच दिवशीचा छाती-पाठीचा व्यायाम जवळून पाहण्यासारखा आहे. दाराच्या चौकटीत अडकवलेला बार, डंबेल्स किंवा रबरी पट्टे, जमिनीवर चटई, शेजारी कागद आणि पेन एवढी सामग्री. बारा प्रकार आहेत आणि ते जोड्याजोड्यांनी येतात: एक छातीसाठी, लगेच दुसरा पाठीसाठी. साधे पुश-अप्स झाले की हात रुंद धरून पुल-अप्स, मग हात अंगालगत ठेवून पुश-अप्स, मग तळवे आपल्याकडे वळवून पुल-अप्स. छाती दमते तेव्हा पाठ काम करते आणि पाठ दमते तेव्हा छातीला उसंत मिळते, त्यामुळे बसून राहण्याची वेळ येत नाही. अकरावा प्रकार ‘डाइव्ह-बॉम्बर’ नावाचा आहे. त्यात कंबर उंच ठेवून सुरुवात करायची, छाती जमिनीला जवळजवळ घासत पुढे न्यायची, वर उचलायची आणि त्याच वाटेने मागे यायचे. परतीची वाट सोडली तर हा तालमीतला जोर आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या तालमीत पिढ्यान् पिढ्या मारला गेलेला प्रकार इथे वेगळ्या नावाने समोर येतो. बारा प्रकार संपले की प्रत्येक जोडीतला क्रम उलटवून तेच बारा पुन्हा करायचे. प्रत्येक फेरीनंतर किती झाले तो आकडा कागदावर मांडायचा.

हा कागद या सगळ्या सामग्रीतली सर्वांत मोलाची वस्तू आहे. अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना क्रमाक्रमाने भार वाढवण्याची पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. स्नायूंचे सगळे आधुनिक प्रशिक्षण त्या तत्त्वावर उभे आहे. कागदावर मागच्या आठवड्याचा आकडा असल्याशिवाय या आठवड्यात वाढ झाली की नाही हे कळत नाही. दुसरे असे की ताकद आणि दिसणे यांचा वेग सारखा नसतो. मोरितानी आणि डीव्रीज यांनी १९७९ मध्ये दाखवले की पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेतील बदलांमुळे येते. स्नायूंचा आकार नंतर वाढू लागतो. म्हणजे पहिले तीन आठवडे आरसा काही सांगत नाही, आणि नेमक्या याच काळात बरेचजण कंटाळून सोडतात. कागदावरचा आकडा मात्र वाढत असतो. नवख्या माणसाला टिकवून धरण्याची खरी शक्ती त्या आकड्यात आहे.

जाहिरातीने भर दिला तो दुसऱ्याच गोष्टीवर. व्यायाम सतत बदलून स्नायूंना ‘गोंधळात टाकल्यामुळे’ प्रगती थांबत नाही, असा दावा होता. स्नायूला कालचा व्यायाम लक्षात राहून आजचा कंटाळा येतो असे काही नसते. प्रगती थांबते ती भार वाढायचा थांबतो म्हणून. प्रकार बदलल्याचा फायदा आहे, पण तो माणसाच्या मनाला आणि सांध्यांना आहे: रोज तेच करण्याचा वीट येत नाही आणि एकाच सांध्यावर रोज ताण येत नाही. चौथा हलका आठवडा हा या रचनेतला शहाणपणाचा भाग होता आणि जाहिरातीत त्याला जवळजवळ जागा नव्हती.

तरीही अशा कार्यक्रमाचे यश केवळ शरीरशास्त्राने समजत नाही. जोर-बैठका कशा मारायच्या हे कोणालाही फुकट शिकता येते. खोके विकत घेणारा माणूस ज्ञान विकत घेत नाही. तो निर्णय विकत घेतो. आज कोणता व्यायाम करायचा, किती वेळ करायचा, कधी थांबायचे, जेवणात काय घ्यायचे, हे रोजचे प्रश्न कुणीतरी आधीच सोडवून ठेवलेले असतात. दिवसभर काम करून दमलेल्या माणसाला संध्याकाळी सहा वाजता असा एकेक प्रश्न जड जातो. कॅलेंडरवर आजच्या चौकटीत एकच नाव असते आणि ती डीव्हीडी लावायची. ही सोय खरी आहे आणि तिला कमी लेखणे चूक ठरेल. घरात लहान मूल आहे, जवळपास तालीम किंवा जिम नाही, लोकांसमोर व्यायाम करायला संकोच वाटतो, अशांना तर ही एकच वाट मोकळी असते. शरीरयष्टीवरून टोमणे सोसलेल्या स्त्री-पुरुषांना बंद दारामागे सुरुवात करता येणे ही फार मोठी गोष्ट आहे.

याच गरजेवर हा धंदा प्रथम उभा राहिला. प्रशियातील केनिग्सबर्ग येथे १८६७ मध्ये जन्मलेल्या युजेन सँडोने लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली आणि १८९७ मध्ये ताकद मिळवण्यावर पुस्तक लिहिले. त्यात वयानुसार व्यायामाचे तक्ते होते. १९०१ मध्ये त्याने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरवली. आर्थर कॉनन डॉयल तिचे एक परीक्षक होते. अमेरिकेत अँजेलो सिसिलियानो हा इटलीतून आलेला मुलगा चार्ल्स अ‍ॅटलस या नावाने प्रसिद्ध झाला. १९२८ च्या सुमारास चार्ल्स रोमन या जाहिरातदाराशी भागीदारी झाल्यावर त्याचा टपाली पाठ्यक्रम जगभर गेला. एका स्नायूला दुसऱ्या स्नायूचा विरोध करायला लावण्याची त्याची पद्धत होती आणि तिला साधने लागत नसत. समुद्रकिनाऱ्यावर अपमान झालेला ९७ पौंडांचा किडकिडीत तरुण बलदंड होऊन परत येतो, ही त्याची जाहिरात मुलांच्या चित्रकथांच्या पानांवर वर्षानुवर्षे छापली गेली. भारतात बंगळूरचे के. व्ही. अय्यर टपालाने शरीरसंवर्धनाचे धडे देत. १९३० मध्ये त्यांचे ‘मसल कल्ट’ निघाले. सरकारी टपालाने १८७७ पासून व्ही.पी.ची सोय दिल्यामुळे खेड्यातल्या माणसालाही पोस्टमनच्या हाती पैसे देऊन मुंबई-बंगळूरचा माल सोडवून घेता येई.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांचे आहे. त्यांनी १८९७ मध्ये सँडोची साधने आणि पुस्तके विकत घेतली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या सूचनांप्रमाणे नियमित व्यायाम केला. पुढे १९०८ पासून मिरजेच्या संस्थानिकांच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत तेच करीत राहिले. औंधच्या शाळांतही त्यांनी नमस्कार सुरू केले. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन यांच्या साहाय्याने लंडनमधून त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि एका अर्थी त्यांनीही युरोपातल्या वाचकाला घरी करायचा व्यायाम पुस्तकरूपाने पाठवला. सँडोची पद्धत सोडण्यामागे ती निष्फळ ठरली असे कारण नव्हते. नमस्काराला साधन लागत नाही, तो एकट्याने आणि कुटुंबासह करता येतो, प्रवासात खंड पडत नाही आणि त्याला शेवटचा दिवस नाही. नमस्कारांची संख्या वयानुसार वाढते-घटते, मुदत मात्र कधी संपत नाही. दहा वर्षांच्या विकतच्या कार्यक्रमाने शिस्त लावली आणि ती शिस्त आयुष्यभर जपायला वेगळी, साधी पद्धत हाती आली. हा क्रम आजही अनुकरणीय आहे.

टपालाने येणाऱ्या व्यायामाची एक मर्यादा सँडोच्या काळापासून आजपर्यंत बदललेली नाही: तो पाहू शकत नाही. तालमीत वस्ताद समोर उभा असतो. बैठकीत गुडघा आत वळला, जोरात कंबर लोंबली, तर तो तिथेच टोकतो आणि पोराचे तोंड पाहून आज किती पुरे हे ठरवतो. पडद्यावरचा प्रशिक्षक कितीही जीव तोडून बोलला तरी समोरच्याच्या पाठीचा कणा त्याला दिसत नाही. ‘पी नाइन्टी एक्स’च्या कर्त्यांना याची जाणीव होती. पुस्तिकेत सुरुवातीला पात्रतेची चाचणी होती आणि ती न जमणाऱ्यांनी आधी सोपा कार्यक्रम करावा असे सांगितले होते. पण जाहिरात सगळ्यांना उद्देशून होती आणि चाचणीवर देखरेख करणारे कोणी नव्हते. सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात अंगाबाहेर पुल-अप्स मारले तर स्नायू तुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. रॅब्डोमायोलिसिस नावाचा हा विकार विरळा असला तरी गंभीर आहे. गडद तपकिरी लघवी ही त्याची खूण असून ती दिसताच इस्पितळ गाठावे लागते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण किंवा साखर उतरवणारी औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा कार्यक्रमाला हात लावू नये. कमी कर्बोदकांचा आहार, कठोर व्यायाम आणि इन्सुलिन एकत्र आले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते.

आहाराच्या पुस्तिकेत ही मर्यादा अधिकच जाणवते. पहिल्या टप्प्यात निम्मे उष्मांक प्रथिनांतून, तीस टक्के कर्बोदकांतून आणि वीस टक्के स्निग्धांशातून घ्यायचे होते. दिवसाला १८०० कॅलरी खाणाऱ्यासाठी याचा अर्थ २२५ ग्रॅम प्रथिने असा होतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या शाकाहारी मराठी घरात हा तक्ता मांडून पाहिला तर काय होते? शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. २२५ ग्रॅमसाठी दिवसाला किलोभर डाळ शिजवावी लागेल, आणि तेवढ्या डाळीतून ३३०० च्या आसपास कॅलरी येतील, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. आमटी, उसळ, दही, ताक यांच्या भरवशावर हे गणित सुटतच नाही. ते सुटते फक्त कोंबडी, अंड्यातला पांढरा भाग किंवा डब्यातली भुकटी यांनी. डब्यातली भुकटी तीच कंपनी विकत होती. आणि इतक्या प्रथिनांची गरज तरी असते का? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात. भार उचलून व्यायाम करणाऱ्यांच्या ४९ चाचण्यांचा २०१८ मध्ये एकत्रित अभ्यास झाला. त्यात १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी लाभ वाढताना दिसला नाही. सत्तर किलोच्या माणसासाठी हे ११२ ग्रॅम होतात, तक्त्यातल्या आकड्याच्या निम्मे.

पहिल्या पंधरवड्यात वजनकाटा झपाट्याने उतरतो, त्यामुळे माणसाचा विश्वास बसतो. या घसरणीत पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृत आणि स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा घटतो आणि पाण्यासकट एखाद-दोन किलो निघून जातात. चरबीचा हिशेब वेगळा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे रोज पाचशे कॅलरींची तूट ठेवली तरी तेवढी चरबी जायला दोन आठवडे लागतात. हे आधी सांगितले तर तिसऱ्या आठवड्यात काटा अडकल्यावर माणूस हवालदिल होणार नाही. विक्रीच्या भाषेला मात्र पहिल्या पंधरवड्याचा आकडाच सोयीचा असतो.

मग छायाचित्रांचा प्रश्न. आधीचा पोट सुटलेला माणूस आणि नंतरचा कातीव माणूस असे शेजारीशेजारी छापणे ही या धंद्याची सर्वांत प्रभावी युक्ती आहे. फोटो खरे असले तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष खरा ठरत नाही. ज्याने विसाव्या दिवशी सोडले तो शेवटचा फोटो पाठवत नाही. पाठवणाऱ्यांत जे उत्तम दिसतात तेच निवडले जातात. प्रकाश, उभे राहण्याची ढब, रोखलेला श्वास आणि त्या दिवशीचे खाणे यांनी एकाच माणसाचे चित्र एका दिवसातही बदलते. त्यामुळे शंभरांनी सुरुवात केली तर किती जणांना काय मिळाले, या साध्या प्रश्नाचे उत्तर हजार छायाचित्रांतूनही मिळत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये नियम बदलले. ‘सर्वांना असा परिणाम मिळेलच असे नाही’ अशी बारीक अक्षरांतली ओळ तोपर्यंत पुरत असे. नव्या नियमांनुसार सर्वसाधारण ग्राहकाने काय अपेक्षावे ते स्पष्ट सांगणे आवश्यक झाले. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छायाचित्राची भुरळ या नियमांनी कमी होत नाही. प्रश्न विचारायला मात्र त्यांनी बळ दिले आहे.

आहारपद्धतींबाबत असा नेमका प्रश्न विचारणारा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. डॅन्सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६० जणांना अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश अशा चार गाजलेल्या पद्धतींत विभागले. वर्षअखेर चारही गटांत वजन थोडेच उतरले होते आणि बरेचजण मध्येच गळाले होते. कोणती पद्धत घेतली यावर उतरलेले वजन अवलंबून नव्हते. पद्धत किती पाळली यावर ते अवलंबून होते. खोक्यावर काय लिहिले आहे यापेक्षा वर्षभरानंतर माणूस काय करतो आहे हेच महत्त्वाचे ठरले. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी कृती आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागत, पण व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही असेही त्यांना आढळले. नव्वद दिवस काहींना सवय लागायला पुरतात आणि काहींना अजिबात पुरत नाहीत. ज्यांना पुरत नाहीत त्यांच्या इच्छाशक्तीत खोट काढणे हा अन्याय आहे.

विक्रेत्याचा हिशेब इथेच ग्राहकाच्या हितापासून दूर जातो. शिकून बाहेर पडलेला ग्राहक पुन्हा पैसे देत नाही. म्हणून बीचबॉडीने २००९ मध्ये दरमहा घरी येणारी पोषणभुकटी आणली, पुढे व्हिडिओंचे सदस्यत्व आणले आणि ग्राहकांनाच ‘कोच’ नेमून कमिशनवर विक्री करायला लावली. माणसाचे स्वतःचे शरीर त्याच्या शेजाऱ्यांपुढची जाहिरात झाले. ग्राहकांच्या कार्डावरून आपोआप पैसे वळते होत राहिल्याच्या तक्रारींवरून सांता मोनिका शहराने कारवाई केली आणि २०१७ मध्ये कंपनीने ३६ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २०२३ मध्ये तिने नाव बदलले आणि २०२४ च्या अखेरीस कोचांची साखळी मोडीत काढली. चार्ल्स अ‍ॅटलसच्या पाठ्यक्रमाची रचना या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. बारा धड्यांनंतर त्यात एक शेवटचा धडा होता, आणि तो पुढे कायम करत राहण्यासाठी होता.

नव्वद दिवसांच्या कार्यक्रमालाही असा धडा जोडता येतो आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. कमावलेली ताकद राखायला ती कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत. बिकेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी १६ आठवडे आठवड्यातून तीनदा भाराचा व्यायाम केला आणि नंतर ३२ आठवडे तो बराच कमी केला. वीस ते पस्तीस वयोगटात मूळ व्यायामाचा फक्त नववा हिस्सा, म्हणजे आठवड्यातला एकच छोटा सराव, स्नायूंचा आकार आणि ताकद दोन्ही राखायला पुरला. साठ ते पंच्याहत्तर वयोगटात ताकद राहिली, पण तेवढ्यावर आकार टिकला नाही. उतारवयात मात्रा अधिक ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. खोक्यातल्या बारा डीव्हीडींपैकी छाती-पाठीची एक आणि पायांची एक आठवड्यातून एकेकदा लावली, बाकीचे दिवस चालणे किंवा नमस्कार ठेवले, जेवणात डाळ-उसळ-दह्याचा वाटा थोडा वाढवून भुकटीचा डबा बंद केला आणि आकड्यांचा कागद पुढे चालू ठेवला, तर एक्क्याण्णवाव्या दिवसापासूनचे वेळापत्रक तयार होते.